उंदरांच्या अल्सरवरचा रिसर्च वाचताना काय काय बघायचं

सगळ्यात आधी जोडी शोधा, म्हणजे ज्या दोन प्राण्यांची तुलना केलीय त्या दोघांना विजेचा शॉक सेमच मिळालाय का ते. मानसशास्त्रज्ञ जे वाइस (Jay Weiss) यांच्या प्रयोगात दोन उंदरांच्या शेपट्यांचे इलेक्ट्रोड एकाच सर्किटमध्ये जोडलेले, पण चाक फिरवून शॉक थांबवता यायचा तो फक्त एकाला, दुसऱ्याने चाक कितीही फिरवलं तरी काही फरक नाही, आणि पोटात जखमा जास्त झाल्या त्या ह्या बिचाऱ्या दुसऱ्याच्याच. मग कॉन्फ्लिक्ट बघा, म्हणजे शॉक थांबवायला जे करायचं त्याचीच शिक्षा मिळते का ते, हे फार महत्त्वाचं. १९७१ मध्ये त्यांनी चाक फिरवण्यालाच शॉकची शिक्षा लावली तर सगळं उलटलं, ज्याच्या हातात कंट्रोल होता त्यालाच जास्त अल्सर! ग्रुप कसे पाडलेत तेही तपासा. मानसशास्त्रज्ञ जोसेफ ब्रेडींच्या १९५८ च्या माकडांवरच्या प्रयोगात पटापट लिव्हर दाबणारी माकडंच आधी निवडून 'एक्झिक्युटिव्ह' (म्हणजे लिव्हर दाबून शॉक टाळू शकणारी) केलेली, त्यामुळे 'एक्झिक्युटिव्हलाच अल्सर होतो' हा त्यांचा निष्कर्ष डोळे झाकून शेअर करू नका.