गालिचा घेताय? आधी उलटा करून पाहा

आपल्या नागपुरात थंडी पडली की हस्तकलेची प्रदर्शनं लागतात आणि तिथं प्रत्येक गालिच्याला 'हँडमेड' म्हणतात, पण हँड नॉटेड (एकेक गाठ हातानं बांधलेला) आणि हँड टफ्टेड यात किमतीचा फार मोठा फरक असतो आणि समोरून दोन्ही सारखेच दिसतात. मागच्या वेळी दुकानदार भाऊ मला टफ्टेडच नॉटेडच्या भावात देऊन राहिला होता.

१. कोपरा उलटा करा. मागं डिझाईन तसंच्या तसं, बारीक गाठींसकट दिसलं तर नॉटेड. मागं कापड चिकटवलेलं असेल तर टफ्टेड, म्हणजे बंदुकीसारख्या हत्याराने लोकर कापडात खुपसून मागून लेटेक्सचा गोंद लावलेला.

२. झालर बघा. नॉटेडमध्ये ती ताण्याच्याच, म्हणजे विणताना उभ्या ताणलेल्या, दोऱ्यांची असते, टफ्टेडला बहुतेक वेळा वरून शिवलेली असते.

३. 'केपीएसआय' म्हणजे एका चौरस इंचातल्या गाठी. मोबाईलमध्ये मागच्या बाजूचा फोटो काढून झूम करा, एक इंच आडव्या आणि एक इंच उभ्या गाठी मोजून गुणाकार करा, १० गुणिले १२ म्हणजे १२०. पट्टी सोबत ठेवा, दुकानदाराच्या आकड्यावर जाऊ नका.

४. वर लव नाही, नुसतं सपाट विणलेलं, ती दरी किंवा किलीम.

टफ्टेड काही वाईट नाही, मी बैठकीत तोच टाकला, फक्त त्याच्या भावात घ्या. आणि तो पाण्यात भिजवून धुवू नका, गोंद सुटतो, आपल्या उन्हात वाळत टाकला तर अजून लवकर, मग खाली पांढरी भुकटी सांडत राहते.