फुटबॉल स्टेडियम बांधताय? या चुका कागदावर असतानाच पकडा

व्यावसायिक क्लबचं नवं स्टेडियम म्हटलं की पहिलं चित्र बहुधा छताचं आणि बाहेरच्या झगमगत्या भिंतींचं निघतं. मग उरलेली सगळी गणितं त्या चित्रात कोंबावी लागतात. सुरुवात व्हायला हवी ती १०५ बाय ६८ मीटरच्या गवतापासून आणि ते बघणाऱ्या शेवटच्या रांगेतल्या माणसापासून. या दोघांचा विसर पडला की पुढच्या चुका होतात, आणि काँक्रीट ओतल्यावर त्यांतल्या फार थोड्या सुधारता येतात.

मोठ्यात मोठ्या सामन्यावरून आसनसंख्या ठरवणं

वर्षातून दोनदा येणारी तुफान गर्दी धरून आकडा ठरवू नका. गेल्या काही हंगामांतल्या घरच्या सगळ्या सामन्यांची उपस्थिती एका तक्त्यात मांडा, आठवड्याच्या मधल्या दिवसांतले आणि पावसातले सामनेही धरा. रिकाम्या खुर्चीलाही छत, सफाई आणि विमा लागतोच.

याचीच जोडचूक म्हणजे ‘इतर खेळांनाही उपयोगी पडेल’ म्हणून मैदानाभोवती धावपट्टी ठेवणं. तुरीनचं स्तादिओ देल्ले आल्पी १९९०च्या विश्वचषकासाठी बांधलं गेलं. जवळपास ६९ हजार आसनं आणि मध्ये धावपट्टी, त्यामुळे खेळ प्रेक्षकांपासून लांब गेला आणि स्टँड ओस पडू लागले. शेवटी ते पाडून त्याच जागी २०११ मध्ये तिथल्या युव्हेंटस क्लबने सुमारे ४१ हजार आसनांचं, मैदानाला खेटून असलेलं स्टेडियम उभं केलं.

सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून हिचं गणित नीट बघू. मागच्या प्रेक्षकाच्या डोळ्यापासून जवळच्या टचलाइनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेपर्यंत, सरळ रेघ ओढा. ती पुढच्याच्या डोळ्यांच्या जितकी वरून जाते, ती सी-व्हॅल्यू. ६० मिमी म्हणजे जेमतेम, ९० चांगली, १२० उत्तम.

समजा पुढच्याचा डोळा टचलाइनपासून ८ मीटर लांब आणि २ मीटर उंच आहे. रांगेची खोली ८०० मिमी, पायरीची उंची ३०० मिमी. सी-व्हॅल्यू येते ९१ मिमी. आता तीच ३०० ची पायरी धरून २० रांगा मागे चला. डोळा २४ मीटर लांब, ८ मीटर उंच, आणि सी-व्हॅल्यू उरते फक्त ३२ मिमी. म्हणजे टचलाइनजवळचा चेंडू पुढच्याच्या डोक्याआड गेलाच. म्हणून मागे जाल तशी पायरी चढत न्यावी लागते. वरची हद्दही आहे: उतार ३४ अंशांच्या पुढे नेऊ नये. ८०० मिमी खोलीला ही हद्द साधारण ५४० मिमी पायरीवर येते.

खर्च वाचवायला म्हणून प्रीकास्ट (आधीच साच्यात ओतून आणलेली काँक्रीटची) पायरी ‘फक्त ३० मिमीने’ कमी करण्याचा प्रस्ताव हमखास येतो. वरच्या पहिल्या उदाहरणात ३०० ची २७० केली की ९१ चे ६४ होतात. असा बदल सही करण्याआधी प्रत्येक रांगेचं गणित पुन्हा मांडायला लावा. स्टँडच्या मधोमध घेतलेला एकच छेद पुरत नाही. कोपरे, जाहिरातफलकाची वरची कड आणि प्रवेशद्वारांवरचे कठडे यांच्यामागच्या जागा त्रिमितीय मॉडेलमध्ये बसून तपासाव्या लागतात.

स्टेडियम चालू आहे आणि ठरावीक रांगांतले लोक सारखे उभे राहतात? आधी दृष्टिरेषा मोजा. अडथळा फलकाचा असेल तर तो खाली किंवा मागे घ्या, नाहीतर पुढच्या एकदोन रांगा काढा. पायरीच कमी पडत असेल तर जुन्या पायऱ्यांवर स्टीलचा सांगाडा चढवणं एवढाच मार्ग राहतो, आणि मग कठड्यांची उंचीही नव्याने करावी लागते.

गवताचा विचार शेवटी करणं

मिलानच्या सान सिरोला १९९०च्या विश्वचषकासाठी तिसरा मजला आणि छत चढलं. खाली ऊन आणि वारा दोन्ही कमी झाले आणि गवताने पुढची अनेक वर्षं त्रास दिला. १९९६ मध्ये उघडलेल्या ॲमस्टरडॅमच्या अरेनातही गवत पुन:पुन्हा बदलावं लागलं.

छताचा आकार पक्का होण्याआधी वर्षभराच्या उन्हाचा तासागणिक अभ्यास करून घ्या. मैदानाचा अक्ष साधारण उत्तर-दक्षिण असावा, म्हणजे मावळतीचं ऊन गोलकीपरच्या डोळ्यांत जात नाही. उत्तर गोलार्धात सावली दक्षिणेकडचा स्टँड टाकतो; तो बुटका ठेवा किंवा त्याचं छत पारदर्शक करा. कोपरे पूर्ण बंद करू नका, दव सुकायला वारा हवा. तरीही ऊन कमी पडणार असेल तर चाकांवरच्या वाढदिव्यांची (गवत वाढवायला उन्हाऐवजी लावायच्या दिव्यांची) वीजजोडणी आणि ते ठेवायची खोली आत्ताच आराखड्यात घ्या.

मैदानाचे थर खालून वर असे: दाबून समतल केलेली जमीन, तिच्यात साधारण ५ मीटर अंतराने छिद्रांचे पाइप, वर १०० ते १५० मिमी धुतलेली खडी आणि मग सुमारे ३०० मिमी वाळूप्रधान थर. थर बरोबर असूनही बिघाड होतो, कारण छताचं काम उरलेलं असताना मैदान तयार केलं जातं आणि क्रेन त्यावर उभी राहते. वाळू दबते, पाइप चेपतात. जड यंत्रं बाहेर गेल्याशिवाय थर टाकूच नका. दुसरा घात चिकणमातीत वाढवलेलं गवत वाळूवर अंथरल्याने होतो. त्या मातीचा पातळ थरच पाणी अडवतो. मुळं धुतलेलं किंवा त्याच जातीच्या वाळूत वाढवलेलं गवत मागवा.

पाणी साचतंय? आधी पाइपाचं तोंड बघा. पाऊस चालू असताना तिथून पाणी येत नसेल तर पाइप तुंबलाय किंवा चेपलाय. दाबाच्या पाण्याने धुऊन आत कॅमेरा सोडा. पाणी वाहतंय, तरी वर डबकी आहेत? मग वरचे २०-३० मिमी काढून बघा. काळा, कुबट थर दिसला तर भोकं पाडून कोरडी वाळू भरा.

बाहेर पडायच्या वाटा अंदाजाने आखणं

ब्रिटनच्या ग्रीन गाइडमध्ये, म्हणजे क्रीडामैदानांच्या सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत, बाहेर पडायला जास्तीत जास्त ८ मिनिटं धरतात. मिनिटाला एक मीटर रुंदीतून सपाटीवर ८२ आणि जिन्यावर ६६ माणसं जातात, असा त्याचा हिशोब आहे. म्हणजे ८ मिनिटांत जिन्याच्या एका मीटरमधून ५२८. सहा हजारांच्या स्टँडला जिन्यांची एकूण रुंदी किमान ११.४ मीटर हवी. चूक होते ती पुढे: जिना रुंद, पण खालचं गेट अरुंद. वाटेतली सगळ्यात अरुंद जागा शोधा आणि आकडा तिच्यावरून काढा. सलग रांगेत दोन्हीकडे वाट असेल तर २८ आसनं, एकीकडेच असेल तर १४, यापुढे जाऊ नका.

आत येताना एका टर्नस्टाइलमधून (एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकातून) तासाला ६६० ही वरची मर्यादा आहे. पिशव्या तपासणार असाल तर स्वतः वेळ मोजून आकडा कमी करा. स्वच्छतागृहांची संख्या मध्यंतराच्या १५ मिनिटांवर बेता, दिवसभराच्या वापरावर नाही. मुख्य कॅमेरा पश्चिमेच्या स्टँडमध्ये ठेवा, दुपारी सूर्य त्याच्या पाठीशी राहतो.

उद्घाटनाची तारीख आधी, चाचण्या नंतर

लंडनच्या टॉटनहॅम क्लबचं नवं स्टेडियम सप्टेंबर २०१८ मध्ये उघडायचं होतं. सुरक्षा यंत्रणांतल्या दोषांमुळे ते एप्रिल २०१९ पर्यंत लांबलं आणि क्लबला वेंब्ली या दुसऱ्या स्टेडियमवरच खेळत राहावं लागलं. उघडण्याआधी मार्चमध्ये कमी प्रेक्षकांचे दोन चाचणी सामने झाले.

आगीचा अलार्म, धूर काढणारे पंखे, घोषणायंत्रणा, आपत्कालीन दिवे आणि गेटांची कुलुपं प्रत्येक कंत्राटदार आपापली वेगळी तपासून देतो. ती सगळी एकत्र, मुख्य वीज तोडून, जनरेटरवर चालवून बघायला वेळापत्रकात स्वतंत्र आठवडे ठेवा. त्यानंतर अर्ध्या गर्दीचा सामना, त्यातल्या त्रुटी दुरुस्त करायला वेळ, मग मोठ्या गर्दीचा. तोवर जुन्या मैदानाचा करार हातात असू द्या, आणि तो महिन्यागणिक वाढवता येईल अशी अट त्यात आधीच लिहून घ्या.