नाशिकच्या मुलींनो, सिरीयलमध्ये काम करायचंय तर आधी मुंबईत रूम घेऊ नका

मला सारखं मेसेज येतात, ताई बारावी झाली, अ‍ॅक्टिंग करायचीय, मुंबईला शिफ्ट होऊ का? नको. निदान लगेच नको. तिथं भाड्यातच पैसे संपतात आणि काम यायच्या आधी मुलगी परत येते, हे मी खूप वेळा बघितलंय.

आधी इथं नाटक कर. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिकला होते, त्याच्या तालमी काही महिने आधीच सुरू असतात, जाऊन सरळ विचार मला काही काम आहे का, आणि प्रॉम्प्टिंग (नट विसरला की मागून वाक्य सांगायचं) दिलं तरी कर. सिरीयलमध्ये सीन कधीकधी सेटवर आल्यावरच हातात पडतो आणि थोड्या वेळात पाठ करून बोलायचा असतो, ही सवय तालमीतच लागते. सायली संजीव नाशिकलाच वाढली आणि २०१६ ला ‘काहे दिया परदेस’मुळे घराघरात गेली, मृणाल दुसानिसपण आपल्या नाशिकची, त्यामुळे छोट्या गावातली म्हणून कोण घेईल हे मनातून काढून टाक.

मग फोटो. दोन-तीन साधे, कमी मेकअपचे, एक साडीत एक जीन्सवर, फिल्टर अजिबात नको. महागडा पोर्टफोलिओ सुरवातीला लागत नाही.

हल्ली पहिली ऑडिशन बहुतेक मोबाईलवरच मागतात. मोबाईल आडवा धर, मागं साधी भिंत, उजेड समोरून. आधी नाव, वय, उंची, गाव सांगायचं, मग चेहरा डावीकडून-उजवीकडून दाखवायचा, मग सीन. समोरचे डायलॉग दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लाव, आईने वाचले तरी चालतात, फक्त तिचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा यायला नको. पंख्याचा आवाज येतो, तो बंद कर.

बोलावलं तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकड, दादरला उतरून वेस्टर्नच्या लोकलने गोरेगाव. सिरीयलचे सेट फिल्मसिटीत नाहीतर ठाण्याला घोडबंदर रोडच्या बाजूला जास्त. (फिल्मसिटीला नाव आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांचं आहे, पहिल्यांदा गेटवर वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.) पहिल्या वेळी घरचं कुणीतरी सोबत ने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन, कार्ड, वर्कशॉप, काहीही नाव देऊदे, काम द्यायच्या आधी पैसे मागितले की फोन ठेव. माझे एका कोऑर्डिनेटरने (काम मिळवून देणारा मधला माणूस) पाच हजार घेतले होते आणि नंतर नंबरच बंद, ते पैसे आईने भिशीतले दिले होते, अजून वाईट वाटतं. आणि रात्री हॉटेलवर मीटिंग म्हणाले तर जायचंच नाही, ऑडिशन दिवसा आणि ऑफिसमध्ये होते.

रोल मिळालाच तर सही करायच्या आधी अ‍ॅग्रीमेंट घरी आणून वाच, ओळखीच्या वकिलाला दाखव. पर डे, म्हणजे दिवसाचे पैसे किती, शिफ्ट किती तासांची (साधारण बारा असते), दुसरं काम करता येईल का आणि मधेच सोडलं तर काय, एवढं नक्की बघ. पैसे बऱ्याचदा नव्वद दिवसांनी येतात, म्हणून मुंबईत रूम घ्यायची ती रोल मिळाल्यावरच, आणि तीन-चार महिन्यांचं भाडं हातात ठेवूनच.