रास्पबेरी पायचं घड्याळ चुकतंय? सेल बदलायच्या आधी या चुका टाळा

आमच्या विहिरीवर एक रास्पबेरी पाय (छोटासा एका बोर्डाचा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) बसवलाय. पंप कधी चालू झाला, कधी बंद पडला, याची नोंद तो ठेवतो. तिथे इंटरनेट नाही आणि लाईटचा भरवसा नाही, म्हणून बटण सेलवर चालणारं डीएस३२३१ चिपचं घड्याळ त्याला जोडलं. काही आठवड्यांनी फाईल उघडली, तर पंप १ जानेवारी २००० ला चालू झालेला. तेव्हा तिथे पंप सोडा, विहीरसुद्धा नव्हती!

मी नवा सेल घातला आणि विषय संपवला. हीच पहिली चूक. थोड्या दिवसांनी तोही गेला. होल्डरमधून काढला तेव्हा तो पोटाला किंचित फुगलेला होता.

गोम सेलमध्ये नव्हती. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या झेडएस-०४२ मॉड्यूलवर सेल चार्ज करायची सोय असते: एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि २०० ओहमचा रेझिस्टर. ती एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. आपण मात्र किराणा दुकानातला सीआर२०३२ घालतो आणि वर मॉड्यूलला ५ व्होल्ट देतो. डायोडमध्ये थोडे कमी होऊन साधारण ४.३ व्होल्ट त्या बिचाऱ्या ३ व्होल्टच्या सेलवर चोवीस तास आदळत राहतात. (एलआयआरलाही ४.२ च्या वर नेऊ नये, त्यामुळे ५ व्होल्ट त्यालाही जाचतातच.) उपाय सोपा आहे. मॉड्यूलला पायच्या पिन १ वरून ३.३ व्होल्ट द्या. मग डायोडपलीकडे इतका कमी दाब उरतो की सेल चार्ज होतच नाही. ५ व्होल्टच द्यायचे असतील, तर २०१ लिहिलेला तो रेझिस्टर काढून टाका आणि सीआर२०३२ वापरा. मी दोन्ही केलं. दूध पोळल्यावर ताक फुंकून पिणारा माणूस मी.

पण तुमचं दुखणं हेच असेल असं नाही. स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी चुकलेली वेळ नीट वाचा, निम्मं निदान तिच्यातच असतं.

२००० सालचा जानेवारी दिसला, तर चिपची वीज पूर्ण तुटली होती: सेल मेला, उलटा बसला, किंवा होल्डरची पट्टी सैल आहे. पाय बंद करून मल्टिमीटर लावा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. चिपला किमान २.३ लागतात.

बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल, तर सेलला हातही लावू नका. पायवरचं लिनक्स धरून चालतं की चिपमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ आहे, आणि दाखवताना त्यात ५:३० मिळवतं. तुम्ही तीच चिप आधी आर्डुइनो या दुसऱ्या छोट्या बोर्डावर सेट केली असेल, तर तिच्यात आपली भारतीय वेळ बसलेली असते. तिच्यात पुन्हा साडेपाच तास मिळवले, की दुपारी एकला संध्याकाळचे साडेसहा वाजतात.

आणि घड्याळ मागच्या वेळी पाय बंद केला तिथूनच पुढे चालू होत असेल, तर चिप ठणठणीत आहे, तिला कोणी विचारतच नाही. जुन्या सिस्टीममध्ये ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ नावाचा प्रोग्राम शेवटची वेळ फाईलमध्ये जपून ठेवतो आणि सुरू होताना तीच लावतो. तो काढून टाका आणि कॉन्फिग फाईलमध्ये चिपचा ओव्हरले (चिप जोडलीय हे सिस्टीमला सांगणारी ओळ) घातलाय का ते बघा. आयटूसी (पाय आणि चिप दोन वायरींवरून बोलतात ती पद्धत) तपासणीत चिपच्या ६८ या पत्त्याऐवजी ‘यूयू’ दिसलं की बरेच जण घाबरतात. घाबरू नका, ड्रायव्हरने चिप ताब्यात घेतली एवढाच त्याचा अर्थ. शेजारचं ५७ म्हणजे त्याच मॉड्यूलवरची मेमरी. काहीच दिसत नसेल तर आयटूसी चालू केलेलं नाही, किंवा एसडीए-एससीएल या त्याच दोन वायरी उलटसुलट झाल्यात.

वेळ लिहितानाही गडबड होते. एचडब्ल्यूक्लॉक या कमांडला ‘डब्ल्यू’ दिलं की सिस्टीमची वेळ चिपमध्ये जाते, ‘एस’ दिलं की चिपची सिस्टीममध्ये. आधी मोबाईलचा हॉटस्पॉट लावून सिस्टीमची वेळ बरोबर करा, मगच ‘डब्ल्यू’. नाहीतर चुकीची वेळच इमानेइतबारे जपली जाईल.

चार पैसे वाचवायला डीएस१३०७ चिपचं घड्याळ घेऊ नका. ती ५ व्होल्टची चिप आहे; ३.३ दिले तर वीज गेली असं समजून बोलायचंच बंद करते. ५ दिले, तर मॉड्यूलवरचे पुलअप रेझिस्टर (सिग्नलच्या वायरी वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारे) तेच ५ व्होल्ट पायच्या पिनांवर आणतात, आणि त्या पिना ३.३ च्याच आहेत. पाय ५ वर घड्याळ मुळातच आहे, फक्त त्याला सेल लागतो. तिथलं चार्जिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. सेल चार्ज होणारा नसेल तर ते चालू करू नका.

सगळं झालं की पाय बंद करा, प्लग काढा, रात्रभर तसाच ठेवा. सकाळी वायफाय आणि लॅनची वायर दोन्ही बंद असताना सुरू करा आणि वेळ बघा. नेट चालू असेल तर तिथून दोन मिनिटांत बरोबर वेळ येते आणि मेलेला सेलही पास होतो.