तुळजापूर ते पंढरपूर: मदतनिधीसाठी तीन दिवसांची दौड कशी आखावी

तुळजापूर ते सोलापूर साधारण ४५ किलोमीटर, सोलापूर ते मोहोळ ३५, मोहोळ ते पंढरपूर ४०. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहासारख्या कामासाठी निधी उभा करायचा असेल, तर सोलापूरकरांना हा मार्ग सोयीचा पडतो. पहिला मुक्काम घरीच होतो. पाय कितीही तयार असले तरी गाडीतली माणसे पेंगायला लागली की दौड फिसकटते, म्हणून आखणी मदतनीसांपासून सुरू करा.

१. तारीख आणि कागद

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा उत्तम. जानेवारीच्या मध्यावर सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेची गर्दी असते. एकादशीच्या आसपास पंढरपुरात खोली मिळणे मुश्कील, तेव्हा पंचांग बघूनच दिवस ठरवा.

महिनाभर आधी धाराशिव पोलीस, सोलापूर शहर पोलीस आयुक्तालय आणि सोलापूर ग्रामीण पोलीस अशा तिन्ही ठिकाणी अर्ज द्या. त्यात रोजच्या वेळा, गाड्यांचे क्रमांक आणि एका जबाबदार माणसाचा मोबाइल लिहा. देणगी थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. फलकावरचा क्यूआर कोडही संस्थेचाच हवा, कुणा कार्यकर्त्याचा नको. नोंदणी नसलेल्या गटाला पैसे गोळा करायचे असतील तर गणेश मंडळे घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर करसवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा.

२. आठ माणसे, दोन गाड्या, एक मोटरसायकल

चार धावपटूंसाठी एवढे पुरते. दोन चालक, मोटरसायकलवर दोघे, पाणी-खाण्याला दोघे, एक प्रथमोपचार जाणणारा आणि एक हिशेब व फोन सांभाळणारा. चालकाला रात्री सात तास झोप मिळालीच पाहिजे. सामान भरण्याचे, स्वयंपाकाचे काम त्याला देऊ नका. मदतनीसांचे जेवण धावपटूंच्या जेवणाइतकेच नीट ठरवा. उपाशी मदतनीस दुपारी चुका करतो.

३. रस्त्यावर

दोनपदरी रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने बघत धावावे. दुभाजक असलेल्या महामार्गावर हा नियम अडचणीत आणतो: गाडी डाव्या बाजूच्या रस्त्याने जाते आणि पाण्याची बाटली देण्यासाठी कुणीतरी दुभाजक ओलांडायला धावतो. तिथे सेवारस्ता धरा. तो नसेल तर डाव्या कडेच्या पट्टीबाहेरून, एकामागे एक धावा आणि मागे झेंडा लावलेली मोटरसायकल ठेवा. गाडीने धावपटूच्या मागे रांगत येऊ नये. तीन किलोमीटर पुढे जाऊन रस्त्याच्या पूर्ण खाली उतरून थांबावे, सगळे पाणी पिऊन गेले की पुन्हा पुढे.

हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. अनेकींना मागचा दिवा नसतो, बाजूला ऊस लोंबत असतो. म्हणून पहाटे चारला निघण्याचा मोह टाळा. साडेसहाला, दिसू लागल्यावर निघून साडेबारापर्यंत संपवा. रिफ्लेक्टरची जॅकेटे तरीही सगळ्यांना.

४. वेग

पहिल्या दिवशी किलोमीटरला साडेसात ते आठ मिनिटे. नऊ मिनिटे धावा, एक मिनिट चाला. तुळजापूरचा घाट उतरताना चालाच. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, त्यांच्या तंतूंना इजा होते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते. घाटात वाचवलेली दहा मिनिटे मोहोळनंतर तासाने महाग पडतात.

५. पाणी, मीठ, खाणे

तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर, तहानेप्रमाणे. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. घरी करायचे तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात: एक केळे, थोडी चिक्की किंवा गूळ. कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी संध्याकाळी. धावताना तेलकट पोटात बसून राहते.

गाडीत वजनकाटा ठेवा. सकाळपेक्षा धावल्यानंतर वजन वाढलेले असेल तर पाणी जास्त झाले आहे. त्यात डोके दुखणे, उलट्या, गोंधळल्यासारखे बोलणे दिसले तर रक्तातले सोडियम उतरलेले असू शकते. आणखी पाणी न पाजता दवाखाना गाठा. अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध असेल तर उष्माघात समजा. १०८ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल अंगभर बदलत राहा. बर्फाच्या पेटीत सोलापुरी सुती टॉवेल डझनभर असू द्या, पाणी चांगले धरतात.

६. पाय आणि गोळ्या

बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, जोड दोन, पाय सुजतात. चुरचुरायला लागताच थांबून कागदी टेप लावा. फोड आलाच आणि ठणकत असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी सोलू नका, बेटाडीन लावून झाका.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलेल्या वेदनाशामक गोळ्यांना दौडीत पूर्ण बंदी. शरीरातले पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर घाव घालतात. लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्या माणसाची दौड तिथेच संपली, थेट रुग्णालय. हा निर्णय प्रथमोपचारवाल्याचा. धावपटूने हुज्जत घालायची नाही, हे निघण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

७. पंढरपूरनंतर

पंढरपूर जवळ आले की गर्दी वाढते, तिथून सगळे एकत्र चालत जा. परतीला गाडी चालवणारा त्या दिवशी धावलेला नसावा. डिझेल, जेवण, बर्फ यांचा खर्च आधीच वेगळ्या वर्गणीतून भागवा, देणगीतला रुपयाही त्यात घालू नका. पंधरा दिवसांत जमा रक्कम आणि खर्च असा दोन्हींचा हिशेब प्रत्येक देणगीदाराला पाठवा.