सहभागींच्या लक्षात राहील असे संमतीपत्र कसे तयार करावे

संशोधनात सहभागी होण्याच्या संमतीपत्रावर सही झाली की संमतीचे काम संपले, असे अनेक संशोधक धरून चालतात; परंतु आपण कशाला होकार दिला हेच सहभागीला पुढच्या भेटीपर्यंत आठवत नसेल, तर अभ्यासातून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क त्याच्यासाठी कागदावरच राहतो. संशोधनातील नैतिकतेविषयीच्या १९७९ च्या अमेरिकी बेल्माँट अहवालात संमतीचे माहिती, आकलन आणि स्वेच्छा असे तीन घटक सांगितले आहेत. बहुतेक संमतीपत्रांची पाने त्यांपैकी पहिल्यावरच खर्च होतात.

म्हणून मसुदा लिहिण्याआधी, अभ्यास संपेपर्यंत सहभागीच्या लक्षात राहायलाच हवेत असे मोजके मुद्दे निवडावेत: हे संशोधन आहे, त्यात काय करावे लागेल, मुख्य धोका कोणता, बाहेर कसे पडता येते आणि त्रास झाल्यास कोणाला कळवायचे. हे सारे पहिल्या पानावर यावे. अमेरिकेच्या संशोधनविषयक नियमांत २०१८ मध्ये लागू झालेल्या सुधारणेनेही महत्त्वाची माहिती सुरुवातीला, थोडक्यात देण्याची अट घातली आहे. उरलेला तपशील पाठ होण्यासाठी नसतो, तो वेळेवर सापडला म्हणजे पुरे. त्यामुळे त्याला ‘मला खर्च येईल का?’ अशी प्रश्नरूप शीर्षके द्यावीत.

सर्वांत अधिक कष्ट गटवाटणीच्या, म्हणजे कोणता सहभागी कोणत्या उपचाराच्या गटात जाईल हे सांगणाऱ्या, परिच्छेदावर घ्यावेत. संशोधनातील प्रत्येक गोष्ट आपल्याच उपचारासाठी बेतलेली आहे, असा समज सहभागींमध्ये सहज रुजतो. मनोविकारतज्ज्ञ पॉल ॲपेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या गैरसमजाकडे लक्ष वेधले होते. ‘यादृच्छिक विभागणी’ असे लिहून तो दूर होत नाही. ‘तुम्ही कोणत्या गटात जाल हे तुमचे डॉक्टर ठरवणार नाहीत, ते नाणेफेकीसारखे ठरेल’ असे स्पष्ट लिहावे.

तथापि, केवळ कागद सुधारून फारसे साधत नाही. फ्लोरी आणि इमॅन्युएल या संशोधकांनी संमतीविषयक अभ्यासांच्या २००४ मध्ये घेतलेल्या आढाव्यात, चित्रफिती किंवा सुधारित पत्रांपेक्षा प्रत्यक्ष संवादाला दिलेला अधिक वेळ आकलनासाठी जास्त उपयोगी ठरल्याचे दिसले. या संवादात ‘समजले ना?’ असे विचारू नये, कारण त्यावर बहुधा संकोचापोटी मान डोलावली जाते. त्याऐवजी ‘घरच्यांनी विचारले तर या अभ्यासाबद्दल काय सांगाल?’ असे विचारावे, जे सुटले असेल तेवढेच पुन्हा समजावावे आणि पुन्हा सांगायला लावावे. स्वतः आठवून सांगितलेली गोष्ट नुसत्या वाचलेल्या गोष्टीपेक्षा अधिक टिकते. परीक्षेचा सूर मात्र लागू देऊ नये: आपण नीट समजावले की नाही हे तपासायचे आहे, असे आधीच सांगावे.

पत्राची प्रत सहभागीला घरी न्यायला द्यावी. पुढच्या प्रत्येक भेटीत, नमुने घेण्यापूर्वी, पहिल्या पानावरील एक-दोन मुद्दे त्याच्याकडूनच वदवून घ्यावेत, आणि ही उजळणी संशोधनाच्या आराखड्यात आधीच नमूद करून संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीकडून संमत करून घ्यावी.