ग्रीस निपल विकत घेण्याआधी आटे मोजा

ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलचं किंवा रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टचं (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा दांडा) निपल, म्हणजे ग्रीस गन लावायचं छोटं तोंड, तुटलं की बहुतेक वेळा दुकानात जाऊन नुसतं 'ग्रीस निपल द्या' असं सांगितलं जातं. हाताला येईल ते निपल घरी येतं, भोकात दोन वेढे जातं, तिथे अडतं आणि मग पान्याने जोर लावून बसवलं जातं. निपल काही रुपयांचं असतं, पण त्या जोरात ज्या क्रॉसचे (शाफ्टच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा भाग), पिनचे किंवा हाउसिंगचे आटे जातात तो भाग महाग असतो. शिवाय तिरकं बसलेलं निपल ग्रीस आत सोडण्याऐवजी कडेने बाहेर काढतं. आपण ग्रीस मारलं असं वाटत राहतं आणि आत बुश (पिनभोवतीची नळी) कोरडा घासत असतो.

म्हणून आधी आटा ओळखायचा. आपल्याकडच्या शेतीयंत्रांवर आणि कारखान्यांत सहसा हे आटे भेटतात ('×' नंतरचा आकडा म्हणजे पिच, दोन शेजारच्या आट्यांमधलं अंतर मिमीमध्ये; बीएसपी, यूएनएफ, एनपीटी ही इंची आट्यांची नावं):

- एम ६ × १ : व्यास ६ मिमी, षटकोनाला ७ चा पाना
- एम ८ × १ : व्यास ८ मिमी, ९ चा पाना
- एम १० × १ : व्यास १० मिमी, ११ चा पाना
- १/८ बीएसपी : व्यास सुमारे ९.७ मिमी, इंचाला २८ आटे
- १/४ यूएनएफ : व्यास ६.३५ मिमी, इंचाला २८ आटे (अमेरिकी बनावटीच्या यंत्रांवर जास्त)
- १/८ एनपीटी : व्यास सुमारे १०.३ मिमी, इंचाला २७ आटे

पान्याचे आकडे सरळ निपलाचे आहेत आणि बनावटीनुसार ते थोडे बदलू शकतात. आटा ठरवायचा तो व्यास आणि पिच यांवरूनच. व्यास व्हर्नियरने आट्याच्या मध्यावर मोजा, कारण बऱ्याच निपलांचे आटे टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळते, असतात आणि टोकाला माप कमी येतं.

घोटाळा दोन जोड्यांत होतो. एम १० × १ आणि १/८ बीएसपी यांच्या व्यासात जेमतेम पाव मिलिमीटरचा फरक आहे. एम ६ आणि १/४ यूएनएफ यांच्यात साधारण तिसरा हिस्सा मिलिमीटर. डोळ्याला चौघेही फसवतात. बीएसपीचं निपल एम १० च्या भोकात सैल जातं, डुगडुगतं आणि दाब आला की गळतं. एम १० चं निपल बीएसपीच्या भोकात घातलं तर वेढा-दीड वेढ्यातच आवळतं.

पिच गेज (आटे ताडून बघायची दातेरी पट्टी) नसेल तर साधा एम ६ चा बोल्ट घ्या. त्याची पिच १ मिमी असते. बोल्ट आणि निपल यांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. सगळे आटे दातात दात बसले तर निपल १ मिमी पिचचं आहे, मग ते एम ६, एम ८ किंवा एम १० यांपैकी कुठलंही असो. इंचाला २८ आटे असतील तर पाचव्या आट्यापर्यंत सुमारे अर्धा मिलिमीटर फरक पडतो आणि मधून उजेड दिसतो. या कामाला एम ८ चा बोल्ट चालत नाही. बाजारातल्या साध्या एम ८ बोल्टची पिच १.२५ असते आणि निपलाच्या एम ८ ची बहुधा १. त्यामुळे निपलाच्या भोकात 'आटे साफ करायला' एम ८ चा बोल्ट घालणं म्हणजे ते भोक संपवणं आहे.

आता डोकं. नेहमीचं शंकूच्या आकाराचं निपल भारतीय मानक आयएस ४००९ च्या पहिल्या भागात येतं. जर्मन मानक डीआयएन ७१४१२ मध्ये त्याचेच सरळ, ४५ अंश आणि ९० अंश असे ए, बी, सी प्रकार आहेत. साधी ग्रीस गन त्यांच्यासाठीच असते. खडी क्रशर, मोठे एक्स्कॅव्हेटर अशा जड यंत्रांवर चपट्या डोक्याचं बटण निपल दिसतं. त्यावर कपलर (गनचं निपलाला अडकणारं तोंड) आडवा सरकवून अडकवतात, म्हणून जास्त ग्रीस मारतानाही तो निसटत नाही. त्याचं डोकं १० मिमीचं आहे की १६ चं की २२ चं, हे मोजूनच कपलर घ्या.

कोन ठरवताना गनचा विचार करा. कपलर निपलाच्या रेषेत सरळ बसायला हवा आणि तसाच मागे निघायला हवा. तिरका धरला की त्याचे जबडे झिजतात आणि पुढे प्रत्येक निपलावर ग्रीस बाहेर येऊ लागतं. जागा असेल तिथे सरळ निपलच घ्या. वाकडं निपल जास्त बाहेर येतं, उसाच्या पाचटात आणि दगडात तेच आधी तुटतं. ४५ अंशांत भागत असेल तर ९० कडे जाऊ नका. फिरणाऱ्या शाफ्टवर निपल गार्डला किंवा योकला घासत नाही ना, हे हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा.

झिंक मुलामा दिलेलं स्टीलचं निपल बहुतेक कामांना पुरतं. मालवण-रत्नागिरीकडच्या होड्यांवरच्या विंचला किंवा रोज पाण्याने धुतल्या जाणाऱ्या डेअरीच्या यंत्राला स्टेनलेस घ्या. पितळ गंजत नाही म्हणून खत पसरवणाऱ्या यंत्रावर लोक हौसेने पितळी निपल लावतात. तिथे ते टाळा. अमोनियाच्या संपर्कात पितळाला ताणाखाली बारीक चिरा जातात.

बसवताना

भोकाभोवतीची माती डिझेलच्या फडक्याने पुसा. जुनं निपल काढल्यावर आतली वाट तारेने मोकळी करा. नवं निपल हाताने किमान दोन-तीन वेढे सहज गेलं पाहिजे. अडलं तर थांबा, माप चुकलं आहे. हाताने बसेल तिथून छोट्या पान्याने अर्धा ते पाऊण वेढा पुरे. टेपर आटा स्वतःच आवळून गळती थांबवतो. टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे तुकडे ग्रीसबरोबर बेअरिंगकडे जातात. वाकडं निपल हव्या दिशेला आणायचं तर पुढेच फिरवा, मागे घेतलं की ते सैल झालं. फार लांब आट्याचं निपल आत बुशला किंवा बेअरिंगला टेकतं आणि स्वतःचीच वाट बंद करतं, म्हणून जुन्याच्या शेजारी ठेवून लांबी बघा.

आटे गेलेच असतील तर एक माप वर जा. एम ६ चं भोक ७ मिमी ड्रिलने मोठं करून एम ८ × १ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारा, एम ८ चं ९ मिमी ड्रिलने करून एम १० × १ चा. भोकाभोवती पुरेशी भिंत उरते का, हे आधी पाहा. ड्रिल आणि टॅप या दोन्हींना भरपूर ग्रीस लावा म्हणजे बुरा त्यालाच चिकटतो. बेअरिंग काढता येत असेल तर काढूनच हे काम करा. लोखंडाचा एक कण आत राहिला तर कोरड्या बेअरिंगपेक्षा वाईट हाल होतात.

दाब आणि प्रमाण

हाताच्या गनमधून ३०० बारच्या वर दाब निघू शकतो. साधं ऑइल सील त्याच्या जवळपासही टिकत नाही. पिन-बुश, किंगपिन अशा ठिकाणी हरकत नाही. कडेने नवं, स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारा, कारण जुन्याबरोबर माती बाहेर ढकलणं हेच तिथलं काम आहे. चारही बाजूंनी बंद असलेल्या बेअरिंग हाउसिंगला मात्र ग्रीस बाहेर पडायची वाट लागते. तिथे निपलाच्या समोरच्या बाजूला ड्रेन प्लग किंवा कमी दाबावर उघडणारं रिलीफ फिटिंग हवं.

प्रमाणासाठी बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५ केलं की ग्रॅम मिळतात (दोन्ही मापं मिलिमीटरमध्ये). ६३०८ बेअरिंग ९० मिमी व्यासाचं आणि २३ मिमी रुंद असतं, म्हणजे एका वेळी सुमारे १० ग्रॅम. आपली गन हँडलच्या एका दाबात किती देते ते मोजून घ्या. कागदावर २० वेळा मारा, वजन करा, २० ने भागा. २२ ग्रॅम भरलं तर एका दाबाला १.१ ग्रॅम, म्हणजे ६३०८ ला ९ दाब. जास्त ग्रीसने वेगात फिरणारं बेअरिंग तापतं. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेल्या, २आरएस लिहिलेल्या बेअरिंगच्या हाउसिंगला निपल बसवून उपयोग नाही.

ग्रीस जात नसेल तर

निपल काढून गनला लावा. तरीही ग्रीस येत नसेल तर निपल चोंदलं आहे. डिझेलमध्ये बुडवून छर्रा (निपलाच्या तोंडातली बारीक गोळी) टाचणीने दाबून पाहा, नाहीतर सरळ नवं बसवा. निपलातून ग्रीस येतं पण बसवल्यावर जात नाही, तर वाट आत वाळलेल्या ग्रीसने बंद आहे. गन काढल्यावर ग्रीस उलटं येत असेल तर छर्रा किंवा स्प्रिंग गेली.

अडलेल्या निपलावर जोर लावताना हात किंवा बोट कधीही समोर धरू नका. एवढ्या दाबाचं ग्रीस कातडीत शिरतं. बाहेर नुसता ठिपका दिसतो, दुखतही कमी, पण आतला भाग मरू लागतो. असं झालं तर दुखायची वाट न बघता त्याच तासात शस्त्रक्रिया होईल अशा रुग्णालयात जा आणि ग्रीस आत गेलं आहे हे स्पष्ट सांगा.

यंत्राजवळच्या डब्यात लागणाऱ्या प्रत्येक मापाची दोन सरळ आणि दोन ४५ अंशांची निपलं, रबरी टोप्यांसह, ठेवा. एकदा आटा ओळखला की भोकाशेजारी ऑइल पेंटने '८×१' किंवा 'बीएसपी' लिहून टाका. पुढचं निपल बदलणारा माणूस कदाचित दुसरा असेल.